दोन बर्नरची शेगडी

आमच्या इमारतीत चाओकताईंइतकी हट्टी बाई दुसरी नाही. हे मी सांगते आहे, आणि मला स्वतःला आमचे हे चाळीस वर्षं खेचर म्हणत आलेत, तेव्हा हट्टाची पारख मला आहे. ताई चौथ्या मजल्यावर, मी सहाव्या. आनदोंगच्या कडेला या इमारती नव्याने उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही दोघी एकाच आठवड्यात राहायला आलो. त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला मीनाची आई म्हणतात. मीना लग्न करून कॅनडात गेली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण माझं नाव काही बदललेलं नाही.

बाविसाव्या वर्षी ताई थोरली सून म्हणून सासरी आल्या. थोरली सून म्हणजे पूर्वजांच्या तिथ्या तिच्या गळ्यात. तेव्हा त्या घरात वर्षाला अकरा तिथ्या व्हायच्या. सासऱ्यांच्या आजोबांपासून सगळ्यांना नीट ताट मांडून जेवू घालायचं, आणि त्यांच्या निमित्ताने आलेल्या जिवंत माणसांनाही. पुढे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं सोल, देगू, बुसान अशी पांगली. ताई तिथ्या तेवढ्या बरोबर घेऊन शहरात आल्या. मग अकराच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. नवरा गेल्यावर दिरांनी सुचवलं, आता सगळ्या पूर्वजांना दादाच्याच तिथीला एकत्र जेवायला घालू. चंद्राच्या पंचांगाने सहाव्या महिन्याची अठरावी. तेव्हापासून वर्षात तो एकच दिवस उरला. सणाला मुलगा थडग्यांवरचं गवत कापून परस्पर सासुरवाडीला जातो, नाहीतर मुलांना घेऊन विमानाने कुठेतरी फिरायला. सगळे मिळून ताईंकडे जेवायला बसतात ते फक्त तिथीला.

मी चर्चला जाणारी. आमच्यात हे नसतं. त्यामुळे मी तोंडावर विचारायची, "ताई, मेलेल्यांसाठी इतकं कशाला राबता?" त्या म्हणायच्या, "तुझे पास्टर रविवारी प्रार्थना झाली की जेवायला घालतात ना? जेवण नसतं तर तू तरी गेली असतीस का?"

या वसंतात ताईंनी गाईच्या हाडांचा रस्सा मंद गॅसवर ठेवला आणि टीव्हीसमोर त्यांचा डोळा लागला. पातेलं कोरडं पडलं, हाडं कोळसा झाली, आगीची घंटा वाजली, अग्निशामक दलाची माणसं बूट घालून थेट स्वयंपाकघरात शिरली. ताईंना लागलं-भाजलं काही नाही. पण माणसं बूट घालून घरात आली याचंच दुःख त्या चार दिवस करत बसल्या. शनिवारी मुलगा मुनग्यू सुवॉनहून आला. त्याने गॅसची नळी बंद करवून घेतली आणि म्हणाला, "आई, आता इंडक्शन. बस्स. आपोआप बंद होणारी." परत गेल्यावर त्याने फोनवर फोटो पाठवला. ओट्यात बसवायची, काळ्या काचेची, दोन बर्नरची. खाली लिहिलं होतं, 'तुला एकटीला ही पुरे.'

ताईंनी तो फोटो मला दाखवला. "एकटीला म्हणे," त्या म्हणाल्या. "मी काय फक्त माझ्यापुरतंच शिजवते?"

शेगडी येईपर्यंत त्या बुटेनच्या छोट्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीवर स्वयंपाक करू लागल्या. आणि कुणीतरी सांगितलं की लोहचुंबक चिकटेल तेच भांडं इंडक्शनवर चालतं. झालं. फ्रिजवर तळलेल्या कोंबडीच्या दुकानाचं जाहिरातीचं चुंबक होतं, ते घेऊन ताईंनी घरातलं प्रत्येक भांडं तपासलं. मी गेले तर जमिनीवर दोन ढीग. चिकटणाऱ्यांचा ढीग लहान, न चिकटणाऱ्यांचा मोठा. पिवळी ॲल्युमिनियमची पातेली, मातीची काळी भांडी, लग्नातली पितळी वाडगी, सगळी नापास.

"बघ, पन्नास वर्षं ज्यांनी साथ दिली ती सगळी या बाजूला," ताई म्हणाल्या.

"पितळी वाडग्यात कोण शिजवतं ताई? ती वाढायला असतात."

"मग ती तपासायला नकोत?"

दुकानात मीच त्यांच्याबरोबर गेले. दुकानदार मोठा बोलघेवडा होता. त्याने काचेवर कागदी रुमाल ठेवला, त्यावर पाण्याचं पातेलं, आणि बटणावर नुसतं बोट टेकवलं. मिनिटात पाणी खळखळायला लागलं. त्याने पातेलं उचललं तर खालचा रुमाल जसाच्या तसा.

"बघा मावशी! कागद जळला? नाही ना? मग घर कसं जळेल?"

ताईंनी तो रुमाल हातात घेऊन उलटसुलट बघितला. "विस्तव दिसतच नाही. शिजतंय की नाही कळायचं कसं?"

"वासाने कळेल, मावशी. नाक तर तेच आहे ना?"

त्याच्याकडे तीन तऱ्हेच्या शेगड्या होत्या. एक दोन बर्नरची, अरुंद. एक तीनची, तिच्यातला एक बर्नर नुसता तापून लाल होणारा, मातीच्या भांड्यांसाठी. आणि एक चारची, रुंद. हिच्यातले डावीकडचे दोन बर्नर जोडून एक लांब जागा करता यायची, एवढा मोठा तवाही मावेल अशी. ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेनात.

"घरात माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

"एकटीच आहे. पण तिथीला चोवीस."

मी घसा खाकरला. गेल्या वर्षी मोजून आठ जण आले होते. ताईंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"मग मावशी, शेगडी रोजच्यासाठी घ्यायची की त्या एका दिवसासाठी?" तो बोलून गेला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. वर त्याने समजावलं, की ओट्यात जुन्या गॅसचं भोक आहेच. चारची घेतली तर दगड अजून कापावा लागेल. दोनची घेतली तर उरलेल्या भोकावर दगडाची पट्टी चिकटवू. "काय ते नक्की ठरवा. एकदा केलं की ओट्याला परत हात लावायचा नाही."

"तिथी होऊन जाऊ दे, मग सांगते," ताई म्हणाल्या. "सगळे येणार आहेत. सुनेला विचारते. तिलाही उद्या त्यावरच करायचं आहे."

बसमध्ये मला राहवेना. "ताई, धिरडी तर तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून विजेच्या तव्यावर काढता. पूर्ण गावाची धिरडी तिथेच होतात. मग ओट्यावर चार बर्नर कशाला हवेत?"

"रस्सा असतो, भात असतो, तीन भाज्या असतात, मासा वाफवायचा असतो."

"ते तुम्ही एकामागून एक करताच की."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "दोन बर्नरसमोर एकच बाई उभी राहू शकते, मीनाची आई. दुसरीला मग बाहेर जाऊन बसावं लागतं. ती फोन बघत बसते, आणि फोन बघता बघता तिला घरी जायची घाई होते." मला त्यांचं वाईट वाटलं, आणि त्या सुनेचा रागही आला, जिने अजून काही केलंसुद्धा नव्हतं.

सहाव्या महिन्याची अठरावी आली. उकाडा असा की रातकिड्यांनाही दम लागावा. ताईंनी बुटेनच्या दोन शेगड्या मांडल्या होत्या, खाली विजेचा तवा. सकाळपासून भोपळ्याच्या चकत्या, टोफू, पिठात घोळवलेला मासा, सगळं तळून टोपल्यांत ओळीने रचलं. पूर्वजांना वाढल्याशिवाय चव घ्यायची नसते, म्हणून मीठ अंदाजाने. मी दुपारी डोकावले तेव्हा त्यांचे केस कपाळाला चिकटलेले आणि चेहरा लाल. पण स्वारी खुशीत होती. ओट्यावर जुन्या भोकाशेजारी त्यांनी खडूने चारच्या शेगडीचा चौकोन काढून ठेवला होता. "येदामची आई आली की तिला इथे उभी करून दाखवणार आहे," म्हणाल्या. येदामची आई म्हणजे सून. संध्याकाळी मी चर्चच्या सभेला गेले. जाताना त्यांचं दार उघडंच होतं. तिथीला दार उघडं ठेवायचं असतं, ज्याला यायचं त्याला येता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात. हातात एकावर एक रचलेले डबे. दरवर्षी त्या थोडंसं आणून देतात, पास्टरना सांगायचं नाही या अटीवर मी ते खाते. पण या वेळी मासा अख्खा होता. धिरड्यांची रास मोडलेलीही नव्हती.

"ताई, हे काय? पोरांना बांधून नाही दिलंत?"

"कोणी आलं नाही."

मला आधी कळेचना. "कोणी म्हणजे?"

"कोणीच. मी दारू ओतली, मीच वाकून नमस्कार केला, मीच ताट काढलं."

"फोन नाही केलात?"

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "बापाची तिथी मुलाला फोन करून सांगायची? तिथीला कुणी कुणाला बोलावत नाही, मीनाची आई. माणसं येतात! पन्नास वर्षांत मी कुणाला बोलावलं नाही, आणि माझ्या दारात चपला मावत नव्हत्या." मग एकदम आवाज खाली आला. "त्यांनी बंद करायचं ठरवलं असेल. ठरवू देत. निदान तोंडाने सांगायचं."

मी म्हटलं, मी करते फोन. तर म्हणाल्या, "केलास तर मी तुझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आणि त्या ठेवणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं.

दुपारीच आम्ही दुकानात गेलो. ताईंनी दुकानदाराला बोलूच दिलं नाही. "दोनची."

"पण मावशी, तुम्हाला तर ती रुंदवाली..."

"दोनची म्हटलं ना. एकटी आहे मी."

आठवड्याच्या आत माणूस येऊन शेगडी बसवून गेला. उरलेल्या जागेवर दगडाची पट्टी चिकटवली, रंग जवळपास जुळला. ताईंनी खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली. शेगडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पाणी पटकन उकळायचं, भांडं काढलं की आपोआप बंद व्हायची. फक्त बोट ओलं असलं की बटण लागायचं नाही, मग ताई तिला शिव्या घालायच्या. मुनग्यूचा दर रविवारी फोन यायचा. जेवलीस का, जेवले. तब्येत, बरी. शेगडी घेतलीस का, घेतली, आल्यावर बघ. बस्स, एवढंच. त्याने तिथीचं काढलं नाही आणि ताईंनीही नाही. मी समोर बसून हे ऐकायची आणि मला त्या पोराचा कान धरावासा वाटायचा.

असाच महिना गेला. एका संध्याकाळी मी ताईंकडे रताळ्याच्या वेलाचे देठ सोलत बसले होते. बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर मुनग्यू, सून, दोन्ही नातवंडं आणि मागे देगूचे दीर आणि जाऊबाई. हातात कलिंगड, नाशपातीची पेटी, दारूची बाटली. सगळे कामावरून सुटून थेट आलेले, घामाने भिजलेले.

"आजी, भूक लागली!" धाकट्याने बूट भिरकावले.

"आई, जिन्यात तळणाचा वास कसा नाही?" मुनग्यू हसत म्हणाला. "दरवर्षी दुसऱ्या मजल्यापासून येतो."

ताई दाराशी तशाच उभ्या. "आज कसे आलात?"

"कसे म्हणजे? आज अठरावी ना! सहाव्याची." त्याने फोन पुढे केला. मी मान लांब करून बघितलं. अठरावी होती खरी. पण अंकाआधी बारीक अक्षरात 'अधिक' लिहिलेलं होतं. या वर्षी सहावा महिना दोनदा आला होता, आधी खरा, मग अधिक. तिथी नेहमी खऱ्या महिन्यात करतात, अधिकात नाही, हे आमच्या वयाचं कुणीही सांगेल. फोनला विचारलं की तो दोन्ही दाखवतो, आणि याने नेमकी दुसरीवर खूण केली. त्यानेच सगळ्यांना मेसेज टाकला. कुणीच पुन्हा बघितलं नाही.

म्हणजे विसरलं कोणीच नव्हतं! मी देठ खाली टाकले. माझ्या तोंडाशी आलंच होतं.

पण माझ्याआधी दीर खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. या दिरांचं आयुष्यात एकच काम, चुका काढणं. गेल्या तिथीला मुनग्यूने खारका आणि चेस्टनट उलट क्रमाने मांडले, तर यांनी पोराबाळांसमोर त्याला "बापाचं नाव बुडवणार तू" असं सुनावलं होतं. त्यांनी रिकामी खोली बघितली, रिकामं टेबल बघितलं, आणि ते बोटांची पेरं मोजायला लागले.

"वहिनी, यंदा सहावा अधिक आहे नाही का? मग आज कसली..."

मुनग्यूचं हसू उतरलं. त्याने फोनकडे बघितलं, मग आईकडे. तोपर्यंत त्याला कळलं नव्हतं, पण आणखी एक क्षण गेला असता तर कळलं असतं. बापाची तिथी चुकवलेला मुलगा, बायकोसमोर, मुलांसमोर, काकांसमोर.

"भावोजी, पेरं मोजू नका," ताई म्हणाल्या. "तिथीचं मीच बंद केलं. आता होत नाही माझ्याने."

मग सून स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि तिला ती शेगडी दिसली. दोन बर्नर, शेजारी दगडाची पट्टी.

"आई, म्हणून तुम्ही छोटी घेतलीत?"

"म्हणून."

मी उठले. "अहो ताई, काय बोलताय? मागच्या महिन्यात तुम्ही..."

"मीनाची आई, कलिंगड काप," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सुरी शोधायला लागले. पन्नास वर्षं थोरली सून असलेल्या बाईचा तो आवाज होता. त्यापुढे माझं खेचरपण चाललं नाही.

दिरांनी पेरं मोजायचं थांबवलं. ते खाली बसले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "वहिनी, खरं सांगू? येताना आम्ही हेच बोलत होतो. या वर्षीची शेवटची करू, असं तुम्हाला सांगायचं कसं, तोंड कसं उघडायचं. माझे गुडघे गेले, पोरांना सुट्ट्या नाहीत. तुम्ही आमचं ओझंच उतरवलंत."

"आई, बरं केलंस," मुनग्यू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू आयुष्यभर राबलीस. आता आराम कर." सुनेने ताईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती खरोखरच रडली. वाईट पोरगी नव्हे ती. तिच्यावर उगाच राग धरला होता मी.

त्यांनी पूर्वजांसाठी कलिंगड आणि दारू ठेवून दोन नमस्कार केले. मग फोनवरून काळ्या सॉसच्या नूडल्स आणि गोडआंबट डुकराचं मांस मागवलं. सगळे हसतखेळत जेवले. मुलांनी नव्या शेगडीची बटणं दाबून बघितली. इतकी मोकळी तिथी त्या घरात कधी झाली नसेल. नऊच्या आत सगळे गेले, उद्या कामं होती. ताई लिफ्टपर्यंत पोचवायला गेल्या आणि आकडे खाली जात तळमजल्याला पोचेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

परत आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "सांगायचं होतंत! तुम्ही एकटीने सगळं केलंत, एकटीने ताट काढलंत, महिनाभर कुढलात. आणि त्यांना वाटतंय तुम्हालाच नकोसं झालं!"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? भावोजींनी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. आणि ते त्याला जन्मभर लागलं असतं. फार मनाला लावून घेतो तो, लहानपणापासून."

"आणि तुमचं काय?"

त्या नूडल्सचे रिकामे वाडगे एकात एक घालून दाराबाहेर ठेवत होत्या, सकाळी दुकानाचा माणूस न्यायला येतो म्हणून. मग उंबऱ्याशीच बसल्या. "मेलेल्यांचं मला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "ते आले काय, न आले काय, मला कधी दिसले नाहीत. मी आपली जिवंत माणसं जेवायला यावीत म्हणून तळत होते."

मी त्यांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी अठरावीला मी येईन, आपण दोघी करू, पास्टर गेले उडत.

ताई हसल्या. "ये की. पुढचं वर्ष सोपं आहे," त्या म्हणाल्या. "अधिक महिना नाही. एकदाच वाट बघावी लागेल."